न्यूट्रल

सून पुण्याहून दोन पांढरे डबे घेऊन आली,
साबणाच्या वडीएवढे.
म्हणाली, पप्पा, वायफाय या दीड फुटी भिंतीत शिरत नाही,
आता माझं ऑफिस तुमच्या वायरीतून येणार.
मी चष्मा पुसला.

छत्तीस वर्षं मी बोर्डात वायरमन होतो.
दीपनगरच्या चिमण्यांखालून निघालेला करंट
वरणगाव, कुऱ्हा, बोदवडच्या खांबांवर चढवला.
तारेतून काय जातं ते मला कोणी शिकवायचं नाही.
तरी विचारलं : दोनशे तीसच्या पाठीवर बसून
तुझी ती अक्षरं जळत कशी नाहीत?
ती म्हणाली, फार बारीक असतात,
वेगळ्या सुरात चालतात.
पटलं. भुसावळच्या यार्डात नाही का,
मालगाडी धडधडत असते
आणि त्याच रुळाला कान लावला
तर लांबच्या गँगमनचा हातोडा ऐकू येतो.

एक डबा पुढच्या खोलीत, राऊटरशेजारी.
दुसरा माडीवर, तिच्या टेबलापाशी.
पहिला दिवा लागला, दुसरा लागला.
तिसरा, घराचं चित्र असलेला, लागेना.
"एक्स्टेन्शन काढ," मी म्हणालो, "थेट भिंतीत खोच."
तरी नाही.
मग आठवलं : माडीला मी दुसरी फेज दिलेली,
शेहेचाळीस अंशांच्या मे महिन्यात
कूलर आणि मोटार एकमेकांच्या उरावर बसू नयेत म्हणून.

तेवढ्यात भिंतीपलीकडचा चेतन,
माझ्या थोरल्या भावाचा नातू,
"मी पाहतो" म्हणत डबा घेऊन पळाला
आणि त्यांच्या स्वयंपाकघरातून ओरडला,
"लागला व काकू! तिन्ही लागले!"

सून माझ्याकडे बघायला लागली.
बायको तांदूळ निवडत होती, तिचा हात थांबला.

सुपडूभाऊ आणि मी एकोणीस वर्षं बोललो नाही.
मोजणीदार आला, स्टॅम्पपेपर झाला,
मधोमध साडेचार इंची भिंत उभी राहिली.
निंबाचं झाड त्याच्याकडे,
त्याची सावली दुपारनंतर माझ्याकडे.
मीटर वेगळे, बिलं वेगळी.
वायरी मीच तोडल्या, शिडीवर चढून,
दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.
लाल तोडली. पिवळी तोडली.
काळीला, न्यूट्रलला, पक्कड लावली
आणि खाली पाहिलं.
सुपडूभाऊ शिडी धरून उभा होता.
म्हणाला काही नाही. नुसती धरून होता.
मी पक्कड काढून घेतली, वरून टेप गुंडाळली,
"झालं" म्हणालो.

हे नियमात बसत नाही.
दुसऱ्याच्या घरी सापडलं असतं
तर मी मीटर काढून नेलं असतं.

उद्या माडीची फेज बदलतो, म्हणालो, तो डबा आणा.
रात्री कोणी आणला नाही.
सुपडूभाऊ झोपण्याआधी घरातलं एकेक बटण बंद करतो,
टीव्हीचं, फिल्टरचं, देव्हाऱ्यातल्या बल्बचंही.
भिंतीतून मला मोजता येतं : टक. टक. टक.
सुनेच्या मोबाइलवर तो डबा हिरवा होता
अकराला, बाराला,
पहाटे मोटार लावायला उठलो तेव्हाही.

तिने तिसरा डबा मागवला.
बाकी काही विचारलं नाही.

आज सकाळी मीटिंगमध्ये तिची माणसं थिजली,
एकाचं तोंड उघडंच राहिलं.
माझ्या डोक्यावरचा बल्ब जरा मंदावला,
एकोणीस वर्षं मंदावतो तसा.
"पप्पा, काय झालं?"
"वहिनीचा मिक्सर. ठेचा वाटू राहिली."
"किती वेळ?"
"दोन मिनिटं," मी म्हणालो.
"शेंगदाणे टाकले, तर तीन."