उपाशीपोटी

सकाळी सातला मिरजकर तिकटीच्या लॅबचं शटर वर जातं
आणि पेठेतली माणसं बाह्या दुमडून बाकावर बसतात.
मी शीर शोधते.
कुणाची लाजून आत दडलेली,
कुणाची दोरखंडासारखी, तालमीतली.

हिंदुराव चौगले, वय एकसष्ट.
"रात्री नवापास्नं काय न्हाई बघ पोरी,
उपाशीपोटी आलोय."
मी नळी यंत्रात फिरवली.
तळाला तांबडं बसलं, ते बसतंच.
वर यायला हवं होतं फिकट पिवळं,
उन्हात धरलेल्या गाळीव शेंगतेलासारखं.
आलं ते दुधाळ.
खाली तांबडा, वर पांढरा,
बोटभर नळीत अख्खी पंगत.

"काका, जेवण कुणाकडं होतं?"
ते कॅलेंडरकडं बघत राहिले.
"भाच्याच्या पोराचं जावळ होतं. उशीर झाला जरा."
मग हळूच,
"आन् आत्ता येताना गंगावेशीत एक ग्लास. धारेचं.
ते काय खाणं हाय व्हय?"

खरा नमुना दोन दिवसांनी घेतला.
आकडे तरीही वाईटच होते.

आमच्या गल्लीत एकच कायदा:
खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी.
मधल्या गावाला एसटी जात नाही.
काकांनी त्या दिवसापासून सगळंच सोडलं,
लंगोट सोडावा तसं, कायमचं.

दोन महिन्यांनी इंदुकाकीच त्यांना घेऊन आल्या.
टाचांना भेगा, ओठांना साल.
"दुधी उकडून खात्यात, वर मीठ.
गाजर किसून देते, ते बी कोरडं.
बोलत न्हाईत,
आन् बोलले तर फोडणीशिवाय."

मी डॉक्टर नाही. मला नळीतलं तेवढं कळतं,
आणि कोर्सच्या वहीत उतरवलेलं:
पेशीपेशीची भिंत चरबीनं लिंपलेली असते,
मज्जातंतूवर तिचंच वेष्टन, वायरीवर रबर असतं तसं.
गाजरात डोळ्यांसाठी जे असतं
ते तेलाच्या रिक्षात बसूनच पुढं जातं.
रिक्षा नसली तर बरंचसं स्टँडवरच उभं राहतं
आणि आल्या वाटेनं निघून जातं.

"आणि चहाबरोबर काय?"
"खारी. चारच."
"चार?"
"कोरडी असती की ती!"

मी हसले नाही, पण सुई खाली ठेवली.
त्या कोरड्या पदरापदरांतलं घट्ट पांढरं वनस्पती तूप,
चौकातल्या कढईत मंगळवारी ओतलेलं
आणि शनिवारी काळं होऊनही तेच तळणारं तेल,
हे त्यांच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.
हद्दपार झाली होती ती बिचारी
घाण्यावरच्या शेंगतेलाची बाटली,
आणि कारळ्याची चटणी,
कारण ती खलताना बोटं तेलकट होतात.

"फोडणी सुरू करा," म्हटलं, "चमच्यानं मोजून.
बुधल्यानं नव्हे."
"जवस?" काकींनी विचारलं.
"जवस तर घालाच."
"ह्यांची आई भाजायची. वास गल्लीभर."
काका पहिल्यांदा मान वर करून म्हणाले,
"करपवायची ती."
आणि दोघं त्यावरून जिना उतरेपर्यंत भांडत गेले.
इतकं तेलपाणी झालेलं भांडण
मी त्यांच्या घराकडून महिन्यांत ऐकलं नव्हतं.

पुढच्या खेपेला आकडे थोडे उतरले.
डॉक्टरांची गोळीही चालू होती,
तिचं श्रेय मी चटणीला देणार नाही.
नळीत वर पिवळसर, स्वच्छ.
खिडकीकडं धरली तर पलीकडचा चौक दिसला.

दुपारी ड्युटी संपवून मी मिसळ खायला गेले.
"कट कमी."
वाढणारा थांबला,
जणू मी त्याच्या कुस्तीगीर आजोबाला काही बोलले.
"मग मिसळ कशाला, ताई?"
कट वाटीत वेगळा ठेवून गेला,
वर तेलाचा लाल तवंग, हलता.
सवयीनं मी वाटी उजेडाकडं तिरकी केली.
दोन चमचे घेतले.
वाटी लांब सरकवली.

मग आणखी एक.