पावणेचारची छाट

पाइपलाइन म्हटलं की अम्माला उजनीचीच आठवते.
"तुझीतून काय जातं?" ती विचारते.
काय सांगू.
कोणी कोड ढकललं की
कुठल्याशा परक्या देशात एक रिकामं यंत्र जागं होतं,
पाककृती पहिल्या ओळीपासून वाचतं,
थरावर थर चढवतं. ओळखीचे थर तसेच ठेवतं,
बदललेल्या ओळीपाशी थांबतं
आणि तिथून खालचं सगळं नव्यानं.
इमेज झाली, की तिच्यातून एक कंटेनर उठतो,
चाळीस सेकंद जगतो,
दोनशे बारा प्रश्नांची उत्तरं देतो
आणि पुसला जातो.

ॲप साधंच: कुठल्या भागात पाणी कधी.
अजून फक्त आमच्या विडी घरकुलातल्या
अकरा मोबाइलवर.

तीन आठवडे एक चाचणी लाल, तीही फक्त रात्री.
सकाळी कामावर बसावं तर हिरवी, शहाण्या पोरीसारखी.
पुण्याहून शार्दूल म्हणाला, माझ्या मशीनवर चालतं.
मग तुझं मशीनच पाठव घरकुलात, मी म्हटलं.

अम्मानं सुपातलं पान कातरलं.
कारखान्यातला चेकर कट्टा सोडतो,
चिमटीनं विडी दाबतो, बाजूला टाकतो: छाट.
"हजारात साठ. कारण सांगत नाही मेला."
माझा चेकर कारण सांगतो, चारशे ओळींत.
तरी मला कुठं कळत होतं.

गुरुवारी पहाटे पावणेचारला नळ खाकरला.
"नीळ्ळु वच्चिनय्!" सत्यव्वा गल्लीभर ओरडली,
पत्र्याची दारं वाजली,
पिंप, दोन घागरी, ऑइल पेंटची ती जुनी बादली.
हातात पाइप, पाय ओले,
आणि मोबाइलवर माझंच ॲप म्हणत होतं:
पाणी उद्या.

घागरीत आज पडत होता.
डब्यात अजून काल होता.
कंटेनरला घड्याळ होतं, गाव नव्हतं;
ग्रिनिचला बसून तो तारीख सांगत होता
साडेपाच तास मागून.
इमेज हलकी व्हावी म्हणून पाया मीच बारका निवडलेला,
त्यात जगातल्या गावांच्या वेळाच नव्हत्या.
चाळीस एमबी वाचवले म्हणून
मीटिंगमध्ये शाबासकीही घेतली होती.

ओट्यावर लॅपटॉप ठेवून दोन ओळी घातल्या.
वेळेच्या यादीत सोलापूर नाही.
मुंबईही नाही.
कोलकाता आहे. चालेल.
त्या ओळींखालचं सगळं पुन्हा बांधायला लागलं,
मी उकिडवी बसून बघत राहिले,
एकशे नव्वद, दोनशे,
दोनशे अकरा

"तुझ्यात आलं का गं?"
"आलं, अम्मा."
"मग पाइप काढ आधी. पिंप वाहतंय कधीचं."