रकाना

विद्यापीठातून ती आली नोव्हेंबरात,
सूर्य दोन महिन्यांच्या रजेवर जातो
त्याच्या आदल्या आठवड्यात.
नाव सुन्निवा. बुटांवरचं बर्फ दारातच झटकलं तिनं,
म्हणाली, मोजायचंय मला
ग्रंथालय माणसांचं काय करतं ते.
मोज बाई, म्हटलं मी. तेवीस वर्षं झाली,
मला अजून लागलेला नाही हिशेब.

हीटरजवळची खुर्ची धरली तिनं.
मांडीवर तक्ता, दर अर्ध्या तासाला एक फेरी:
एकटा की सोबत, बोलतो की गप्प,
वाचतोय, झोपलाय, संगणकावर बसलाय,
आणि अगदी कडेला, बोटभर रुंदीचा,
'इतर'.

नगरपालिकेला आकडा हवा होता.
टेबलामागे माणूस ठेवायचा,
की कार्डानं उघडणारं दार पुरे?
हे तिनं मला तिसऱ्या दिवशी सांगितलं,
माझ्याच हातची कॉफी पिताना, खाली बघत.

आर्विडपाशी ती पहिल्यांदा अडली.
बोटीवरून उतरून बारा वर्षं झालेला आर्विड
रोज दहाला येतो, पेपर उघडतो
आणि पान उलटत नाही.
चष्मा त्याचा घरी असतो.
घरी दुसरं कुणी नसतं.
"हा वाचतोय का?" तिनं खुणेनं विचारलं.
पेपर तर सरळ धरलाय, म्हटलं,
तुला काय लिहायचं ते लिही.

खेकड्यांच्या कारखान्यातून सुटून
लेतेब्रहान येते तीनच्या सुमारास.
हात तीनदा धुते, तरी पानांना समुद्राचा वास राहतो.
वाहतुकीच्या चिन्हांचं पुस्तक, परीक्षा फेब्रुवारीत.
खिडकीपाशी दिवा एकच, म्हणून टेबल एकच,
म्हणून ती आर्विडच्या समोर.
डिसेंबरातल्या एका मंगळवारी
तिनं पुस्तक त्याच्याकडे सरकवलं,
लाल त्रिकोणातल्या काळ्या जनावरावर बोट ठेवलं.
आर्विड वाकला. दिसलं असेल-नसेल,
शिंगांच्या वळणावरून ओळखलं त्यानं.
"रेनडिअर," म्हणाला. "एक दिसला की थांब.
मागं कळप असतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं चष्मा आणला.

सुन्निवानं लिहिलं: दोन व्यक्ती, संभाषण, चार मिनिटं.
मग पेन तसंच धरून बसली.
यासाठी आमच्या शास्त्रात शब्द आहे, म्हणाली,
सैल धागे. ओळख नाही, मैत्री नाही,
पण तुटलं तर गावाला थंडी वाजते.
मला आईचं विणकाम आठवलं.
घट्ट वीण वारा अडवते, ती म्हणायची,
पण ऊब धरते ती सैल.
सुन्निवानं हे तक्त्याच्या मागे टिपून घेतलं.
आईचं नाव विचारलं. सांगितलं मी.

खरं म्हणजे एक तक्ता माझ्याकडेही होता,
परतीच्या तारखेच्या चिठ्ठीमागे, पेन्सिलीनं:
बाई, तिशीची. एकटी.
दिवस छत्तीस. पुस्तक एकही नेलं नाही.
नाताळच्या आदल्या दुपारी
नकाशांच्या कपाटामागे रडत होती,
फोन हातात, फोन बंद.
विचारलं नाही. मोज्यांचा जोड दिला,
गेल्या वर्षीपासून हरवलेल्या वस्तूंत पडलेला.
दिवसभर घालून बसली.

जानेवारीच्या शेवटी सूर्य आला,
वीस मिनिटं, ध्वजाच्या खांबाएवढा उंच.
सगळे बाहेर पायऱ्यांवर उभे,
आणि तिनं तेही मोजलं: सतरा.
संध्याकाळच्या बसनं गेली.
आर्विडनं चार दिवस विचारलं,
ती मोजणारी कुठं गेली?

अहवाल मेमध्ये आला. जाड आहे.
आई कुठंतरी तळटीपेत आहे, आडनावासकट.
आर्विड आहे 'पुरुष, सत्तरीपुढचा, वाचन' म्हणून.
'इतर' हा रकाना सगळ्यांत मोठा निघाला,
त्यावर तिनं एक अख्खं प्रकरण लिहिलंय
आणि मला ते दोनदा वाचूनही नीट कळलं नाही.
फक्त शेवटची बेरीज तपासली मी.
एकानं कमी आहे.
स्वतःला धरायला विसरली.
पेन्सिलीनं दुरुस्त केली,
आणि अहवाल स्थानिक इतिहासाच्या फळीवर लावला.

नगरपालिकेचं अजून काही कळलेलं नाही.
दार सध्या मीच उघडते.