मधलं अक्षर

मे महिन्याची सुट्टी. गणेशखिंड रस्त्यावरच्या
संगणक-खोलीत आम्ही चाळीस जण,
नववी-दहावीला विज्ञान शिकवणारे,
गळ्यात नावाची पट्टी, पुढ्यात निवलेला चहा.
ए.सी. इतका की शेवाळे बाईंनी पदर कानांवरून घेतला.

शिकवायला ओवी दाभाडकर. वय असेल सव्वीस.
म्हणाली, "घाबरू नका, काही मोडत नाही."
हे वाक्य मी दरवर्षी प्रयोगशाळेत म्हणते
आणि दरवर्षी एक परीक्षानळी फुटते.

पडद्यावर अक्षरं. चारच. ए, टी, जी, सी.
ओळींमागून ओळी, ना स्वल्पविराम ना परिच्छेद.
मोमीन सर पुटपुटले, "आमच्या दहावी ब ची उत्तरपत्रिका."
हसलो सगळे. मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

सत्तावीस वर्षं मी आनुवंशिकता
वाटाण्यांवर भागवली.
उंच झाड, बुटकं झाड, फळ्यावर चौकट,
तीनास एक. गुण दोन. पुढचा धडा.

दुपारी दोन ओळी एकीखाली एक लावल्या.
रक्ताचं एकच जनुक: वर निरोगी माणसाचं,
खाली सिकलसेलच्या रुग्णाचं.
जुळेल तिथे उभी रेघ. रेघा पडत गेल्या,
कुंपणासारख्या, पडतच गेल्या.
तीन-तीन अक्षरांचे गट. सुरुवातीचा सोडून सहावा:
वर जीएजी, खाली जीटीजी.
मधल्या ए च्या जागी टी.
एवढंच. शुद्धलेखनाचा अर्धा गुणही
मी कापला नसता एवढ्याला.

रायसिंग वसावे.
धडगावहून येरवड्याच्या वसतिगृहात आलेला,
नववी क, शेवटून दुसरा बाक.
"बाई, हाडं दुखतात."
चाचणीच्याच दिवशी बरी दुखतात रे तुझी हाडं?
हे मी म्हणाले होते. वर्ग हसला होता.
हजेरीपटात त्याच्यापुढे लाल शाईत
गै गै गै गै
आणि दिवाळीनंतर नावावर रेघ,
पट्टी ठेवून, सरळ, माझ्याच हातची.

त्याला काय होतं मला माहीत नाही.
कुणी रक्त तपासलं नव्हतं. मी डॉक्टर नाही.
नुसतं हसं झालं असेल त्याचं, किंवा नसेलही नुसतं.

"मॅडम, अडलं का कुठे?" ओवी मागे उभी.
नाही, म्हटलं. आमच्याकडे संगणक अकरा, चालू चार,
कसं शिकवायचं हे?
"कागदावर छापून न्या. पेन्सिलीने मारतील रेघा."

संध्याकाळी थांब्यावर
प्रमाणपत्र काखेत, छापील ओळी मांडीवर.
प्रश्न एक: कोणतं अक्षर बदललं?
प्रश्न दोन: कुणी म्हणालं, हाडं दुखतात,
तर आधी काय विचाराल?
हा अभ्यासक्रमात बसत नाही. खोडला.
खाली पुन्हा लिहिला.

येरवड्याची बस आली तेव्हा
गुणांचा कंस अजून रिकामाच होता.