नव्वद अंशांत

फ्रिजमध्ये, लोण्याच्या कप्प्यात
बारा सुया निजल्यात.
खालच्या फळीवर इडलीचं पीठ, अर्धं लिंबू.
सासूबाईंना म्हटलं, त्या खोक्याला हात लावू नका.
त्यांनी लावला. हळदीकुंकवाचं एक बोट.

वसईहून सिस्टर ग्लेंडा डाबरे आल्या शिकवायला.
पर्समधून मोसंबं काढलं.
"आधी याला टोचा."
सहा वेळा टोचलं.
मोसंब्याची काही तक्रार नव्हती.
रात्री हेरंबने ते सोलून खाल्लं,
"खारट लागतंय गं," म्हणाला.
सरावाच्या सुईतलं मिठाचं पाणी, दुसरं काय.

परळच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं,
वायरवरचं प्लास्टिक खरवडलं जातं ना, तसं आहे हे.
तेव्हापासून जिन्याखालच्या मीटरच्या खोक्यापुढे
मी उगाच थांबायची,
पिशवी या हातातून त्या हातात घेत.
एवढ्या उघड्या तारा, आणि तरी
चौथ्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू.

खरं तर सुरुवात सातवी ब मध्ये झाली.
खडू पडला. मुलं हसली, मीही हसले.
उचलला.
परत पडला.

सिस्टर म्हणाल्या, सरळ धरायची, नव्वद अंशांत.
लंब म्हणजे काय ते मी एकोणीस वर्षं सांगते आहे:
रेषेवर उभी रेषा,
ना इकडे झुकलेली, ना तिकडे.
खालच्या रेषेला काय वाटतं
हे पुस्तकात नाही.

पहिला सोमवार.
सुई अर्धा तास बाहेर काढून ठेवलेली,
थंडगार टोचली तर जास्त झोंबते म्हणे.
हेरंब खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा.
"गोदीतली क्रेन हलतेय बघ," म्हणाला.
हलत नव्हती. मला इथून दिसत होती.
मांडीची चिमूट धरून मी बसले,
दहा मिनिटं, वीस मिनिटं,
चिमूट सुटे, पुन्हा धरे,
आणि सुई हवेत, अगदी अचूक काटकोनात.

दार वाजलं. खालच्या मजल्यावरचा रेहान मुकादम,
प्रमेय अडलं म्हणून.
मला टॉवेल ओढायलाही सुचलं नाही.
त्याने सुई पाहिली, माझ्याकडे पाहिलं,
वही सोफ्यावर ठेवली.
"बाई, सुईकडे नका बघू. जागेकडे बघा.
श्वास सोडा, आणि सोडता सोडताच टोचा."
शर्टाचं टोक वर केलं त्याने:
पोटावर बारीक बारीक ठिपके,
कुणी पेन्सिलने मोजत गेल्यासारखे.
"मी पाचव्या वर्षापासून घेतो. दिवसातून चार."

तास चालू असताना बाहेर जातोस म्हणून
मी याला दोनदा बाकावर उभं केलं होतं.
तोही उभा राहिला होता, काही न बोलता.

श्वास सोडला.
गेली.
मोसंब्यापेक्षा मऊ, एवढंच आठवतं.
मग आग. गांधीलमाशीसारखी, पसरत जाणारी.
"चोळू नका हं," रेहान म्हणाला.
आणि जन्मभर शिकलेलं एवढंच तर होतं,
लागलं की चोळायचं, फुंकर घालायची.
दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.
मग त्याचं प्रमेय सोडवलं.
त्याने आकृतीतला कोन मोजला.
"बाई, हा सत्त्याऐंशी आलाय."
खरंच आला होता.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी
मी जागा लिहून ठेवते, एकाच ठिकाणी पुन्हा नको म्हणून.
सोमवार: उ. मां.
हेरंबने विचारलं, "उधार मांडलं का काय दूधवाल्याचं?"
तिघंही हसलो. सासूबाई काय कळून हसल्या, कोण जाणे.

वापरलेल्या सुया रिकाम्या प्रोटीन पावडरच्या डब्यात.
डबा भरला की कुठे द्यायचा, हे अजून ठरलेलं नाही.

बुधवारी पोट. ते जमलं.
शुक्रवारी डावा दंड.
तिथे माझा हात वळून पोचत नाही,
आणि पोचला तरी थरथरतो.
ते हेरंबला शिकावं लागेल.

डझनभर मोसंबी आणून ठेवली आहेत.