सैल घर

सुपडूमामा वरणगावच्या काडतूस कारखान्यात
छत्तीस वर्षं. आता ओट्यावर,
चिमटीत एक रिकामं पितळ.

रायफलीचं घर सैल असलं ना, म्हणाले,
की बार उडताच हे फुगतं,
त्या घराच्याच मापाचं होऊन
बाहेर पडतं.
पुन्हा भरायचं तर आधी साच्यात दाबा.
दर खेपेला जरा लांबतं, जरा पातळ होतं.
मग कधीतरी बुडाजवळ
चकाकती रेघ.
दिसली की फेकायचं. हळहळायचं नाही.

मामी पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फिरवत होत्या.
मान न वळवता:
अन् मले किती खेपा दाबलं,
मोजलं का?

वांग्याची साल तडकली.
मामांनी काडतूस उन्हात धरलं,
बराच वेळ.
रेघ होती का,
बोलले नाहीत.