पडेल

विजयदुर्ग गाडीत कंडक्टर विचारतो, कुठे?
मी म्हणतो, पडेल. दोन फुल.
दाऊदचाचा खिडकीशी हसतो, विनोद रोजचाच.
आपला सगळा धंदा या दोन शब्दांत, म्हणतो:
कुठे, आणि पडेल.
आमच्या बोलीत खरं तर पडतला म्हणतात,
पण गावाचं नाव प्रमाण मराठीत भविष्य सांगतं.
पायांशी गोणपाटात गुंडाळलेली मशीन,
टाकी कोरडी, एसटीत पेट्रोल चालत नाही.

घाड्यांच्या परड्यात रायवळ उभा.
चार पिढ्यांनी त्याचं लोणचं घातलं.
आता शेंडा वाळलाय, बुंधा मांगराकडे किंचित कलता,
बुडाशी वाळवीची माती.
चाचा कोयत्याच्या मुठीने ठोकत फेरी मारतो,
वैद्य पाठीवर बोटं वाजवतो तसा.
टक्. टक्. टक्.
ढब्ब.
"हय पोकळ आसा."
खडूने गोल काढतो आणि खडू कानावर ठेवतो.

मग तो काहीच करत नाही.
अर्धा तास, मान वर.
दुबेळक्यात अडकलेली सुकी फांदी बघतो,
शेजारच्या काजूला जखडलेली वेल,
हुमल्यांचं घरटं, विजेची तार,
गडग्यावर ओळीने बसलेली पोरं.
वेल मी तोडतो, पोरांना घाडीणकाकू हाकलते,
कोंबड्या डालग्याखाली जातात.
तार कुठे जात नाही. वायरमनला फोन.

तोवर मला वाट साफ करायला लावतो,
झाड जाईल त्याच्या उलट, तिरपी, मागे.
"धावाचा नाय, चलाचा. पण वाट आधी."
मी चिरे उचलतो, करवंट्या, एक फुटकी घमेली.
तो त्या वाटेने दोनदा चालून बघतो,
पाठमोरा, डोळे शेंड्यावर.

वायरमन आला साडेअकराला,
आणि वाघोटणच्या खाडीवरून वारा त्याच्या मागोमाग.
आंब्याची पानं उलटी होऊन पांढुरकी दिसली.
चाचाने मशीन परत गोणपाटात घातली.
"दिस फुकट गेलो," घाडी म्हणाले.
"मजुरी नको," चाचा म्हणाला.
खरं सांगायचं तर मला राग आला होता.
माझे पाचशे रुपये पानांसारखे उलटे झाले होते.

दुसऱ्या दिवशी सातला तार मेलेली, हवा थांबलेली.
चाचाने कानावरची टोपणं मला घातली.
त्याचा डावा कान कधीचाच गेलाय,
तीस वर्षं मशीनने खाल्लाय तो.
म्हणून मी दोन झाडांएवढा लांब, दोरीशी,
खांद्यावर लाल पंचा.
पंचा हलला की थांबायचं.
प्रत्येक कापानंतर तो माझ्याकडे बघतो,
माझ्याकडे नव्हे, पंचाकडे.

आधी पडायच्या बाजूने खाच,
कलिंगडाची फोड काढावी तशी.
मग मागून, हळू, पात्याचं नाक कशालाही न लावता.
नाक लागलं की मशीन माणसावर उलटते.
मध्ये तीन बोटं लाकूड सोडायचं, तीच बिजागरी,
दार त्याच्यावरच फिरतं.
चाचाच्या डाव्या हाताला बोटं तीनच आहेत.
मापाला पुरतात, म्हणतो.
लोक दुसऱ्याच्या कामात पाचर मारतात,
आम्ही आपल्याच कामात मारली, दोन.
मी दोरी ताणली.

आतून एक बारीक आवाज आला असावा.
मला ऐकू आला नाही, त्यालाही नाही.
त्याने तळहातात ऐकला.
मशीन बंद केली आणि चालू लागला
त्या झाडलेल्या वाटेने, शेंड्यावरची नजर न काढता,
उशीर झालेला पाहुणा मागच्या दाराने निघावा तसा.

मग मोठं ऊन.
जिथे कधीच ऊन नव्हतं तिथे.
मांगराचं एकही कौल हललं नाही.
चिकाचा वास, हुमले सैरावैरा,
आणि घाडीणकाकू पदराने उगाच ओटा पुसत.

मी आदल्या दिवशी खुंटी ठोकली होती, शेंडा इथे, म्हणून.
चाचाने वाकून वीत टाकली.
मग बुंध्याशी जाऊन उकिडवा बसला,
फाटलेल्या बिजागरीवर अंगठा फिरवत बसला बराच वेळ.
चहा थंड झाला.

परतीच्या गाडीत कंडक्टर तोच.
कुठून?
पडेल, मी म्हणालो.
"पडला," चाचाने डोळे मिटूनच दुरुस्त केलं.
"वीतभर डावीकडे."